झेलमचे आरक्षण आणि ज्वारीचे पीठ

रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेव्हा विश्रांतवाडीत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींपैकी बहुतेकांनी कुरकुर केली. मला मात्र तो बदल सोयीचा वाटला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी चार महिन्यांपुढचा बेत आखायचा, तर ज्याच्याकडे जायचे त्या यजमानाच्या आणि आपल्या अशा दोन्ही प्रकृतींवर फारच भरवसा ठेवावा लागतो. दोन महिन्यांचा हिशेब त्या मानाने जमतो. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दोघे झेलम एक्स्प्रेसने पठाणकोटला माझ्या एका जुन्या लष्करी मित्राकडे निघणार आहोत, तिकिटे हाती आली आहेत आणि खालचे दोन्ही बर्थ मिळाल्यामुळे सौभाग्यवतींनी मोहिमेस मान्यता दिली आहे. (६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्येष्ठांची भाड्यातील सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच.)

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, भरती झालो आणि २००४ साली सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना प्रवासाची तयारी म्हणजे वॉरंट (लष्कराकडून मिळणारा रेल्वेप्रवासाचा कागद), होल्डॉल (गुंडाळायची बिछान्याची पिशवी) आणि पांढऱ्या रंगाने नाव व नंबर लिहिलेली काळी ट्रंक एवढीच असे, कारण कुठे जायचे ते दुसराच कोणीतरी ठरवी. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे मी ठिकाणे पाहण्यात घालवली. आता माझ्या वहीत ठिकाणांची यादी नाही, माणसांची आहे, आणि तिचा क्रम एका साध्या नियमाने लागतो: ज्यांच्याशी फोनवर बोलता येते त्यांच्याकडे सावकाश गेले तरी चालते; ज्यांच्याशी बोलता येत नाही त्यांच्याकडे आधी जायचे.

हा नियम मला कानांनी शिकवला. पूल बांधणे, रस्ते काढणे, सुरुंग पेरणे आणि सुरुंग काढणे हे सॅपरचे काम, आणि त्यात स्फोटकांचा सहवास रोजचाच. आमच्या वेळी कानांत बोळे घालणे हे नव्या रंगरुटाचे लक्षण समजले जाई. त्या मर्दुमकीची किंमत आता चुकवावी लागते आहे. माझा डावा कान जवळजवळ गेला आहे. पठाणकोटजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या मित्राचे दोन्ही कान गेले आहेत. तो यंत्र लावतो आणि समोरच्या माणसाचे ओठ दिसत असतील तर निम्मे ऐकून निम्मे ओळखतो, पण फोन कानाला लावला की त्याला खरखरीपलीकडे काही कळत नाही. गेली तीन वर्षे आमचे बोलणे त्याच्या नातवामार्फत चालते. नातू माझी हिंदी ऐकतो, आजोबांना पंजाबीत ओरडून सांगतो आणि आजोबांचे मराठी उत्तर, एकही शब्द न समजता, जसेच्या तसे मला ऐकवतो. दोन वृद्धांची मैत्री अशा तारेवर फार काळ चालवणे योग्य नव्हे.

त्याच्या मराठीविषयी सांगितले पाहिजे. बॉम्बे सॅपर्समध्ये मराठ्यांबरोबर शिखांचीही भरती होते, आणि खडकीच्या प्रशिक्षणात एकाच बराकीत राहून हा गडी इतके मराठी शिकला, की पुढे कंपनीत बदलून आलेले मराठी अधिकारी त्याची पगडी पाहून हिंदीत विचारत आणि तो त्यांना शुद्ध खडकीच्या मराठीत उत्तर देई. शिव्यांचा साठाही त्याने तिथूनच नेला, हे ओघाने आलेच.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम ही सीमेवर सैन्य उभे करण्याची मोहीम सुरू झाली आणि पश्चिम सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. आमच्या वाट्याला पंजाबमधील शेतेच आली होती. उभ्या गव्हात आखणी करताना हा मित्र, तेव्हा तो हवालदार होता, दर थोड्या वेळाने वाकून माती हातात घेऊन पाही आणि काही न बोलता पुढे जाई. पुढे तेच सुरुंग काढण्याची वेळ आली तेव्हा कामाचा खरा कस लागला. पेरताना प्रत्येक ओळीची नोंद ठेवलेली असते, भोवती तारेचे कुंपण असते; परंतु एक पावसाळा गेला की माती सरकते, गवत माजते, उंदीर-घुशी उकरतात आणि कागदावरची जागा व जमिनीतील जागा यांत अंतर पडते. मग सळईने तिरके टोचत, वितीवितीने पुढे जावे लागते. सगळी शेते त्यांच्या मालकांच्या ताब्यात गेली तोपर्यंत आम्ही दोघेही पेन्शनीच्या उंबरठ्यावर आलो होतो. तो आता स्वतःच्या शेतात गहू घेतो आणि नांगर लावण्याआधी सवयीने बांधावर उभा राहून पाच मिनिटे नुसता पाहत राहतो, असे त्याची सून हसत सांगते.

त्याच्याकडे कधी जायचे, हेही शेतच ठरवते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. एप्रिलच्या मध्यावर बैसाखी आणि गव्हाची कापणी, तेव्हा पाहुणा म्हणजे अडचण. जूनमध्ये भाताची लावणी. उरतो तो फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च. पूर्वी नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत हजर राहावे लागे, त्यामुळे तो महिना हातचा जाई. आता चेहऱ्याची ओळख पटवून मोबाईलवरही दाखला देता येतो, तेव्हा पुढच्या खेपेस नोव्हेंबरही धरता येईल.

औषधांबाबत मी एकदा चूक केली आहे. दहा दिवसांच्या प्रवासाला मोजून दहा दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेल्या, परतीची गाडी रद्द झाली आणि तीन दिवस मी डोके धरून बसलो. माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे, तिचे कार्ड खिशात होते, पण अनोळखी गावात त्या योजनेचा दवाखाना (पॉलिक्लिनिक) शोधत फिरण्याचे बळ त्या दिवशी नव्हते. आता दिवसांच्या दीडपट गोळ्या, दोन वेगळ्या पिशव्यांत, हा माझा नियम आहे. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्याही मी जास्त नेतो. त्या मित्राच्या यंत्रालाही चालतात.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये जातो. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन कायमचे चाकाच्या खुर्चीवर आलेल्या जवानांसाठी १९७४ पासून ही संस्था चालते, आणि आमच्या कंपनीतील एक जण अनेक वर्षे तिथे आहे. विश्रांतवाडीहून हे अंतर ते किती, तरीही अनेकदा पठाणकोटच्या आधी खडकी राहून जाते, याची मला लाज वाटते. तो प्रत्येक वेळी नकाशावर माझा मार्ग तपासतो आणि चुका काढतो. या खेपेस त्याने सांगितले, की पठाणकोट कॅन्टला उतरायचे असले तरी रिक्षावाल्याला ‘चक्की बँक’ म्हटलेस तर लवकर कळेल. स्टेशनचे जुने नाव तेच.

पठाणकोटहून दोन दिवसांसाठी आम्ही दोघे जुने सॅपर राजौरीपर्यंत जाणार आहोत, बायकांना घरी ठेवून. जम्मूहून अखनूर, सुंदरबनी, नौशेरा असा हा रस्ता. नौशेरा ते राजौरी या टप्प्यात एप्रिल १९४८ मध्ये आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी जखमी असताना, रणगाड्याखाली सरपटत जाऊन चालकाला दोरीने इशारे देत, सुरुंग आणि अडथळे दूर करून वाट मोकळी केली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेल्या मोजक्या वीरांपैकी ते एक, आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन पुण्यातच झाले. आम्ही दोघांनी त्या रस्त्यावर ऐन चाळिशीत काम केले, पण तेव्हा थांबून पाहायला सवड नव्हती.

मेळाव्यांना मी जाणे सोडले आहे. मोठ्या मंडपात बँड वाजत असतो, भाषणे होतात, दोनशे माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात आणि माझ्यासारख्या एका कानाच्या माणसाला कोणाचेच काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा अंगणातील खाट बरी. आम्ही दोघे बोलू लागलो की आवाज इतके चढतात, की मागच्या वेळी शेजारच्या घरातून भांडण सोडवायला दोन माणसे धावत आली होती. मुक्काम मात्र तीन रात्रींपेक्षा अधिक करायचा नाही. सुनेच्या कपाळावर आठी दिसण्याआधी पाहुण्याने चप्पल घालावी.

सामान आता दोन लहान बॅगांत मावते. ईस्ट स्ट्रीटच्या कयानीतून श्रूजबेरी बिस्किटांचे दोन डबे घ्यायचे आहेत, कारण खडकीच्या दिवसांत सुट्टीच्या रविवारी आम्ही तीच खात असू. परंतु नातवाने परवा फोनवर जो निरोप जुळवून सांगितला, त्यात बिस्किटांचा उल्लेख नव्हता. ‘वहिनीला घेऊन ये, भाकरी खायची आहे,’ एवढेच आजोबा म्हणाले होते. तिकडे ज्वारीचे पीठ मिळत नाही. पाच किलो बार्शीची ज्वारी आणून ठेवली आहे. मी ती लगेच दळून आणायला निघालो तेव्हा सौभाग्यवतींनी डबा काढून घेतला. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. दळण निघण्याच्या आदल्या दिवशी टाकायचे, असे ठरले आहे.