कलाकाराची ताकद कामासाठीच उरावी : आमची वाटचाल

आमची फर्म तीन भागीदारांची आहे. कर्णबधिर आणि दिव्यांग कलाकारांना रेसिडेन्सीमध्ये राहून निर्वेधपणे काम करता यावं, यासाठी लागणारी तयारी करणं हा आमचा व्यवसाय. रेसिडेन्सी म्हणजे कलाकाराला ठरावीक काळ राहायला आणि काम करायला जागा देणारा उपक्रम. असे उपक्रम चालवणाऱ्या संस्था आम्हाला बोलावतात. जागेची पाहणी, स्टुडिओतले बदल, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची जुळवाजुळव, अर्जाचा नमुना, निवड झालेल्या कलाकाराशी आधीची सविस्तर बोलणी, हे सगळं आम्ही अंगावर घेतो. अलीकडे आमची स्वतःची एक लहानशी रेसिडेन्सीही सुरू झाली आहे.

आमचं मूळ काम प्रदर्शनांच्या मांडणीचं. चौथरे, काचपेट्या, टांगणी, प्रकाशयोजना. कलादालनांमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवायचा रिवाज आहे, कारण उभ्या माणसाची नजर त्या आसपास असते. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची नजर त्याच्या बरीच खाली येते. एका शिल्पकार बाईंनी त्यांच्या प्रदर्शनात सगळे चौथरे खाली घ्यायला लावले. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात. काम संपल्यावर म्हणाल्या, "बघायला येणाऱ्यांची सोय झाली. पण जिथे कला घडते तिथे मला आत कोण घेणार? मी विचारलं त्यातल्या एकाही रेसिडेन्सीचा स्टुडिओ मला वापरता येत नाही." आज त्या आमच्या भागीदार आहेत. तिसरा भागीदार दुभाषी आहे. आईवडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे सांकेतिक भाषा हीच त्याची पहिली भाषा.

रेसिडेन्सीची कल्पना कशी रुजली हे समजून घेतल्यावर आम्हाला आमच्या कामाची दिशा सापडली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पत्नी, पियानोवादक मॅरियन यांनी 1907 मध्ये कलाकारांसाठी एक वसाहत सुरू केली. रानात विखुरलेले स्टुडिओ, प्रत्येकात एकच कलाकार. दुपारचं जेवण टोपलीतून दाराशी ठेवलं जाई, कामात व्यत्यय नको म्हणून. एडवर्ड त्या वेळी गंभीर आजारी होते आणि 1908 च्या जानेवारीत ते गेले. मॅरियन यांनी पुढे कित्येक दशकं ही वसाहत वाढवली. नंतरच्या अनेक रेसिडेन्सींनी हाच साचा उचलला: घरापासून दूर जा, एकटे राहा, रोजचा क्रम मोडा, आणि मग काम सुचेल.

आमच्याकडे येणाऱ्या कलाकारांसाठी हा साचा उलटा पडतो. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, आणि अनेक घरांत सांकेतिक भाषा कुणालाच येत नाही. अशा घरात वाढलेल्या चित्रकाराला एकांताचं अप्रूप कशाला वाटेल? त्याला हवी असते भरपूर गप्पा मारता येतील अशी संगत. ज्या कलाकाराला अंथरुणातून उठायला मदतनीस लागतो, तिच्यासाठी घर म्हणजे वर्षानुवर्षं बसवलेली व्यवस्था: ओळखीचा मदतनीस, नेमक्या उंचीवरचा आधाराचा दांडा, रात्री हाक मारली तर येणारं माणूस. त्यातून तिला उचलून रानातल्या झोपडीत ठेवलं, तर तिचा पहिला आठवडा निव्वळ तग धरण्यात जातो.

म्हणून संस्थेला आमचा पहिला प्रश्न असतो, "या कलाकाराच्या घरातलं काय काय इथे असायला हवं?" रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, हे त्यानंतर.

या संदर्भात मला नेहमी चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आठवतात. जन्मापासून त्यांची नजर अधू होती. तरीही शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं ते प्रचंड भित्तिचित्र त्यांनी 1946-47 मध्ये रंगवलं. 1950 च्या दशकात एका शस्त्रक्रियेनंतर होती तीही दृष्टी गेली. त्यानंतर ते शांतिनिकेतनात परतले, शिकवू लागले, कागद कापून आणि घड्या घालून आकृत्या करू लागले. 1972 मध्ये तिथल्या कलाभवनात, म्हणजे कलाशाळेत, त्यांचं टाइल्सचं भित्तिचित्र उभं राहिलं. ओळखीची वास्तू, ओळखीचे विद्यार्थी आणि सहकारी भोवती होते. त्यांच्या प्रतिभेचं श्रेय परिसराला द्यावं असं मी म्हणणार नाही. पण दृष्टी गेलेल्या माणसाला वाटा पाठ असलेली जागा मिळणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या प्रत्येक अंध कलाकाराने आम्हाला सांगितलं आहे. म्हणून आम्ही सत्र सुरू होण्याआधी कलाकाराला जागेत येऊन राहायला बोलावतो, स्टुडिओतल्या वस्तूंच्या जागा तो ठरवतो, आणि त्यानंतर तिथलं स्टूलसुद्धा त्याला विचारल्याशिवाय कुणी हलवत नाही.

जागेच्या मोजमापांवर फार लिहीत नाही, ती सगळीकडे मिळतात: रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नको, व्हीलचेअर वळवायला साधारण 150 सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा हवी. ही मापं पाळणारी कितीतरी ठिकाणं आम्ही पाहिली आहेत जिथे स्वच्छतागृह उत्तम आहे आणि स्टुडिओ निरुपयोगी. कारण इमारतीचा आराखडा करणाऱ्याने कलाकार तिथे पाहुणा म्हणून येईल असं धरलेलं असतं, कामाला येईल असं नाही. कुंभारकामाच्या विजेच्या चाकाचा वेग पायाच्या पेडलवर असतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला हाताने फिरवायची कळ लागते. वरून उघडणाऱ्या भट्टीत बसल्या जागेवरून भांडी रचता येत नाहीत, समोरून उघडणारी भट्टी लागते. मोठा कॅनव्हास उभ्याने रंगवायचा नसेल तर तो फिरवता, खाली-वर करता आला पाहिजे. छापचित्रांच्या स्टुडिओतल्या प्रेसचं चाक एका हाताने फिरेल का, ॲसिडच्या टाकीपर्यंत हात पोहोचतो का, वाफ ओढणारा पंखा बसलेल्या माणसाच्या नाकाच्या पातळीवर काम करतो का, हे आमच्या शिल्पकार भागीदार स्वतः चाकाशी, भट्टीशी बसून तपासतात. त्यांनी मान्य केल्याशिवाय आम्ही अहवालावर सही करत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा तासभर व्हीलचेअरवर बसून 'अनुभव' घेण्याच्या कार्यशाळांची मागणी आमच्याकडे येते. ती आम्ही नाकारतो. त्यातून फक्त दया आणि भीती वाढते.

कर्णबधिर कलाकारांच्या बाबतीत लोक आवाजाचा विचार करतात आणि प्रकाशाचा विसरतात. वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट विद्यापीठात 2005 च्या सुमारास 'डेफस्पेस' नावाने वास्तुरचनेचा अभ्यास सुरू झाला. हे विद्यापीठ 1864 पासून कर्णबधिर विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण देत आलं आहे. त्या अभ्यासातल्या साध्या गोष्टींनी आम्हाला पुष्कळ शिकवलं. चालता चालता सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या दोघांना एकमेकांकडे बघत चालावं लागतं, म्हणून मार्गिका रुंद हवी. पाठीमागे झगझगीत खिडकी असली तर समोरच्याचे हात आणि चेहरा काळवंडतात. भिंतीचा रंग त्वचेच्या रंगांपेक्षा वेगळा उठून दिसेल असा, निळसर-हिरवट, हवा. बसायला अर्धवर्तुळ, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. याच्या जोडीला दाराच्या घंटीला लुकलुकणारा दिवा, आगीच्या इशाऱ्यासाठी प्रखर चमकणारा दिवा, आणि झोपेत जागं करायला उशीखाली थरथरणारी चकती. ही शेवटची वस्तू नसेल त्या खोलीत आम्ही कर्णबधिर कलाकाराला एक रात्रही झोपू देत नाही, मग संस्थेचा कितीही खोळंबा होवो.

दुभाष्यांबद्दल संस्थांशी आमची सर्वांत जास्त चर्चा होते. लांब कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनी अदलाबदल केली नाही तर मेंदू थकतो आणि अर्थ निसटू लागतो. त्यांना विषयाची टिपणं आधी मिळाली पाहिजेत. कलेतले पारिभाषिक शब्द ऐन वेळी जमत नाहीत. अंधार करून स्लाइड्स दाखवायच्या असतील तर दुभाष्यावर दिवा हवा. आणि वक्त्याने प्रत्येक चित्रानंतर थांबलं पाहिजे, कारण कर्णबधिर प्रेक्षक चित्र आणि दुभाषी एकाच वेळी बघू शकत नाही. हा थांबा पाळला की सगळ्यांनाच चित्र नीट दिसतं. पण दुभाषी व्याख्यानापुरता बोलावून भागत नाही. रेसिडेन्सीतले खरे धागे संध्याकाळी, चहाच्या वेळी, कुणाच्या तरी स्टुडिओच्या उंबऱ्यावर जुळतात. पुढच्या प्रदर्शनाची निमंत्रणं तिथे मिळतात. त्या वेळी दुभाषी घरी गेलेला असेल, तर कर्णबधिर कलाकार त्या रेसिडेन्सीत अर्धाच राहिला.

चित्रकार सतीश गुजराल यांनी लहानपणीच श्रवणशक्ती गमावली होती. 1952 मध्ये शिष्यवृत्तीवर ते मेक्सिकोला गेले आणि दिएगो रिव्हेरा, डेव्हिड सिकेरोस या भित्तिचित्रकारांकडे शिकले. त्या काळात, परक्या भाषेच्या देशात, केवढी जिद्द लागली असेल याची कल्पना करता येते. मला मात्र त्यांचं उदाहरण संस्थांपुढे ठेवताना सावध राहावं लागतं. "बघा, त्यांनी केलंच ना?" असं लगेच कानावर येतं. तसं करू शकणारा एक माणूस आपल्याला ठाऊक आहे. जे वाटेतच थांबले त्यांची नावं कुणाकडेच नाहीत.

आता वेळेबद्दल. आमच्या मते सोयींपैकी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी दिली जाणारी सोय हीच. जुडिथ स्कॉट या अमेरिकन कलाकार 1943 मध्ये डाउन सिंड्रोमसह जन्मल्या. त्यांना ऐकू येत नाही हे लहानपणी कुणी ओळखलंच नाही. सातव्या वर्षी त्यांना बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासी संस्थेत ठेवलं गेलं आणि पुढची पस्तीसेक वर्षं तिथेच गेली. जुळ्या बहिणीने त्यांचं पालकत्व मिळवून त्यांना बाहेर काढलं आणि 1987 मध्ये ओकलंडच्या 'क्रिएटिव्ह ग्रोथ' या कलाकेंद्रात आणलं. 1974 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र आजही चालू आहे. तिथे जवळजवळ दोन वर्षं जुडिथना कशातच रस वाटला नाही. मग धाग्यांच्या एका वर्गात त्यांनी वस्तूंभोवती सूत गुंडाळायला सुरुवात केली, आणि 2005 मध्ये मृत्यू होईपर्यंत सुमारे दोनशे शिल्पं केली. ब्रुकलिन म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. क्रिएटिव्ह ग्रोथ ही रेसिडेन्सी नव्हे, रोज येऊन काम करायचा तो स्टुडिओ आहे. पण चार आठवड्यांच्या सत्राने आणि 'शेवटी कलाकृती सादर करावी' या अटीने जुडिथना केव्हाच परत पाठवलं असतं.

म्हणून आम्ही संस्थांना सत्र तुकड्यांत विभागायला सांगतो: काही दिवस इथे, मग घरी विश्रांती, पुन्हा इथे. काहींसाठी घरच्याच खोलीत चालणारी रेसिडेन्सी योग्य असते, मानधन आणि मार्गदर्शन तेवढंच. दुखणं उसळलं तर दिवस बुडाला असं न मानता तो पुढे जोडून द्यायचा. वयाची मर्यादा असेल तर ती काढायला लावतो. ज्याची उमेदीची वर्षं रुग्णालयात गेली त्याला 'उदयोन्मुख' व्हायला पंचेचाळीस लागले तर बिघडलं कुठे?

पैशांच्या बाबतीत आमचा नियम एकच, आणि त्यावर आम्ही काम सोडलेलंही आहे. दुभाषी, मदतनीसाचा प्रवास आणि खोली, वाचून दाखवणारी व्यक्ती, या सगळ्याची तरतूद पहिल्या दिवसापासून वेगळी असली पाहिजे. कलाकाराच्या मानधनातून किंवा साहित्याच्या पैशांतून त्याला हात लावायचा नाही. ज्या कलाकाराला रंग घेऊ की दुभाषी बोलावू असं ठरवावं लागतं, त्याच्याकडे आणि इतरांकडे समान संधी आहे असं कुणी म्हणू नये.

"आमच्याकडे दिव्यांगांचे अर्जच येत नाहीत," हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. मग आम्ही अर्जाचा नमुना मागवतो. तो बहुधा स्कॅन केलेल्या चित्राची पीडीएफ असतो, जो स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंधांना वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचताच येत नाही. मुलाखत फक्त फोनवर. हेतूचं निवेदन फक्त लेखी, तेही ज्यांची पहिली भाषा हातांची आहे त्यांच्याकडून. व्हिडिओवर सांकेतिक भाषेत किंवा आवाजात निवेदन स्वीकारलं, निवड समितीला दुभाषी दिला, आणि मुख्य म्हणजे समितीवर कर्णबधिर व दिव्यांग कलाकार बसवले, की अर्ज येतात. आणि निवड कामावर व्हावी. 'प्रेरणादायी' हा शब्द आम्ही माहितीपत्रकातून काढायला सांगतो, आणि कलाकाराबद्दलचा मजकूर छापण्याआधी त्याच्याकडून मंजूर करून घेतो.

हे हक्काचं काम आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क करारनाम्याच्या कलम 30 मध्ये दिव्यांगांना आपली सर्जनशील क्षमता वापरता यावी असं म्हटलं आहे, आणि ते केवळ त्यांच्या भल्यासाठी नव्हे, समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. त्याच कलमात सांकेतिक भाषा आणि कर्णबधिरांची संस्कृती यांना मान्यता आहे. ब्रिटनमध्ये 2012 च्या लंडन ऑलिम्पिकच्या सांस्कृतिक उपक्रमांतून 'अनलिमिटेड' ही योजना आली आणि दिव्यांग कलाकारांना मोठ्या, महत्त्वाकांक्षी कामांसाठी पैसा मिळू लागला. ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनिबारे यांना अठराव्या वर्षी मज्जारज्जूच्या आजाराने अर्धांगवायू झाला. आज नायजेरियात लागोस इथे त्यांच्या प्रतिष्ठानाची रेसिडेन्सी जगभरच्या कलाकारांना बोलावते. दिव्यांग कलाकार इथे यजमान आहे, आणि आम्हाला ते चित्र फार मोलाचं वाटतं.

आमच्या स्वतःच्या रेसिडेन्सीतही तेच करायचा प्रयत्न आहे. तिथली बोलण्याची भाषा सांकेतिक भाषा आहे. ऐकू येणारे कलाकारही येतात, आणि दुभाषी त्यांच्यासाठी असतो. येत्या सत्रात एक विणकर येत आहेत, ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यांच्याशी बोलणं हातावर हात ठेवून, स्पर्शाने होतं, त्यामुळे दुभाष्यांची संख्या वाढवली आहे आणि त्यांच्या पाळ्या लहान केल्या आहेत. माग त्यांनी सांगितलेल्या भिंतीला लागला आहे. सुतांची रिळं रंगाऐवजी पोतानुसार लावायची आहेत. त्यासाठी त्यांनी स्वतःच नमुन्यांची पेटी पाठवली आहे, आणि या आठवड्यात आमच्या शिल्पकार भागीदार त्या नमुन्यांबरहुकूम मांडणी करत आहेत.