तुम्ही विचारलंत म्हणून: दिव्यांगाच्या गाडीला रोड टॅक्स माफ होतो का?

हा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या वर आहे. मग गाडीचा टॅक्स माफ होईल ना?" होऊ शकतो, पण नुसत्या कार्डाच्या जोरावर नाही. कार्डावरून तुमचं अपंगत्व सिद्ध होतं. गाडी तुमच्या नावावर आहे आणि तुमच्यासाठी बनवलेली किंवा बदललेली आहे, हे आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून, सिद्ध व्हावं लागतं. टॅक्स, विमा, टोल या तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस आरसीच मागतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा गाडीला 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणतात. पूर्वीचा शब्द 'इनव्हॅलिड कॅरेज' होता आणि जुन्या आरसींवर, लायसन्सवर तो अजून दिसतो. व्याख्येत दोन अटी आहेत. गाडी अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेली किंवा कलम ५२ प्रमाणे बदललेली हवी, आणि तिचा वापर फक्त त्याच व्यक्तीने किंवा त्याच व्यक्तीसाठी व्हायला हवा. डावा पाय अधू असलेले अनेक जण शोरूममधली साधी ऑटोमॅटिक घेतात. चालवायला ती पुरेशी आहे, क्लच नसल्यामुळे डाव्या पायाला कामच उरत नाही. पण त्या गाडीत काहीच बदललेलं नसल्याने ती या व्याख्येत बसत नाही असं आरटीओ म्हणू शकतं. म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी आरटीओत जाऊन हे विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या.

रोड टॅक्स हा राज्याचा विषय आहे. त्यामुळे कर्नाटकातल्या किंवा गोव्यातल्या नातेवाइकाचा अनुभव महाराष्ट्रात जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे खासगी मोटारीला एकरकमी कर असतो: दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीमागे हे अठ्ठ्याऐंशी हजार होतात. एवढ्या रकमेसाठी कागदांचा क्रम सांभाळायलाच हवा.

गडबड नेमकी तिथेच होते. हल्ली नोंदणी डीलरच्या काउंटरवरूनच होते. सेल्समन नेहमीच्या सवयीने मालकीचा प्रकार 'इंडिव्हिज्युअल' निवडतो, टॅक्सचा आकडा आपोआप येतो आणि तुमच्या पैशातून भरलाही जातो. भरलेला कर परत मिळवणं हे माफी मिळवण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे. ऑक्टोबर २०२० पासून फॉर्म २० मध्ये, म्हणजे नोंदणीच्या अर्जात, मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा वेगळा रकाना आहे, त्यात जीएसटी सवलत घेतलेली आणि न घेतलेली असे दोन पर्याय आहेत. फॉर्म भरताना समोर बसा आणि तोच रकाना निवडून घ्या. माफीचा अर्ज टॅक्स भरण्याआधी आरटीओकडे गेला पाहिजे, आणि डीलरला हे बुकिंगच्या दिवशीच सांगितलं पाहिजे. गाडी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर घेतली की बहुधा विषय तिथेच संपतो. कर्ज कुणीही फेडो, आरसीवर नाव दिव्यांग व्यक्तीचंच हवं.

जीएसटीचंही विचारता. अस्थिव्यंग ४० टक्के किंवा जास्त असेल, तर अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर छोटी मोटार २८ ऐवजी १८ टक्क्यांत मिळायची. छोटी म्हणजे लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचं १२०० आणि डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच मापाच्या गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत मिळतात, त्यामुळे दिव्यांगांचा वेगळा फायदा उरलेला नाही. तो दर आणखी खाली यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ज्याला बसची पायरीच चढता येत नाही, त्याच्यासाठी मोटार ही चैन नाही.

आता किट, म्हणजे गाडी तुम्हाला चालवता यावी म्हणून बसवायचे जोडभाग. उजवा पाय काम करत नसेल तर दोन मार्ग असतात: डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर किंवा हाताचा लिव्हर. लिव्हर घेताना पुढे ढकलल्यावर ब्रेक आणि ओढल्यावर ॲक्सिलरेटर अशी रचना बघा. जोरात ब्रेक लागला की शरीर पुढे झुकतं. ढकलून ब्रेक लागणारा असेल तर ते वजन ब्रेकच्याच कामी येतं. उलट रचनेत ऐन वेळी हात चुकीच्या दिशेला जातो. लिव्हरचा रॉड पॅडलला क्लॅम्पने धरलेला असतो आणि हादऱ्यांनी त्याचे बोल्ट सैल पडतात. लॉकनट आहेत का ते बघा, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आवळा. पायाला झटके येत असतील तर पॅडलपुढे गार्ड बसवाच. डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवला तर मूळचा उजवा पॅडल झाकला गेला पाहिजे. दोन्ही उघडे राहिले तर घरातलं दुसरं कुणी गाडी चालवताना गोंधळ होतो.

स्कूटरला साइड व्हील लावणाऱ्यांसाठी एकच मोठी सूचना. ही गाडी वळणावर कलत नाही. नेहमीच्या स्कूटरच्या वेगाने वळलात तर ती बाहेरच्या बाजूला उलटू पाहते, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करा. खड्ड्यात मधलं, म्हणजे स्कूटरचं मूळचं मागचं चाक लटकलं तर मागचा ब्रेक लागूनही गाडी थांबत नाही. म्हणून साइड व्हीलला स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेलंच किट घ्या. हेल्मेटची सक्ती याही गाडीला आहे.

किट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असलेलं हवं, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेचं. प्रमाणपत्र आणि फिटिंगचं बिल घेऊन गाडी आरटीओत दाखवा आणि आरसीवर बदलाची नोंद करून घ्या. नोंद नसताना अपघात झाला, तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. उलट नोंद असेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात ५० टक्के सूट मागता येते. नवीन गाडीचा विमा आरसीच्या आधी निघतो, त्यामुळे ही सूट पहिल्या पॉलिसीत बहुधा दिसत नाही. आरसी हातात आली की एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी दुरुस्तीची नोंद, मागा.

लायसन्ससाठी आधी लर्निंग, मग किमान तीस दिवसांनी चाचणी, आणि ती तुमच्याच बदललेल्या गाडीवर. काही लायसन्सवर त्या गाडीचा नंबरही लिहिलेला असतो. गाडी बदलली की लायसन्सही दुरुस्त करून घ्या. ऐकू न येणाऱ्यांना लायसन्स मिळतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो मार्ग मोकळा केला आणि नंतर केंद्रानेही राज्यांना तसं कळवलं. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२० पासून अडचण नाही.

टोलची माफी राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या नियमांत आहे, तीही अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेल्या गाडीलाच. त्यासाठी साधा नव्हे, सवलतीचा फास्टॅग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे अर्ज करून घ्यावा लागतो. टोलनाक्यावर यूडीआयडी कार्ड दाखवून वाद घालण्यात वेळ जातो, पैसे वाचत नाहीत. राज्याच्या रस्त्यांवरचे टोल या नियमांत येत नाहीत, त्यांची चौकशी वेगळी करा.