काळा पडलेला चंद्र

आकाशकंदील हा माझा धंदा. गणपती गेले की कामट्या तासायला घेते, दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. उरलेलं वर्ष लॅम्पशेड आणि किरकोळ दुरुस्त्या. जानेवारीतल्या अशाच एका रिकाम्या दुपारी एक आई आणि दुसरीतली मुलगी जुन्या चादरीत गुंडाळलेली शेड घेऊन आल्या.

घरीच केलेली होती. कामट्यांचा चौकोनी सांगाडा आजोबांनी बांधलेला, सुतानं असा आवळलेला की या माणसाला एकदा भेटावं असं वाटलं. त्यावर आईनं खळीनं हातकागद चिकटवला होता. चारपैकी दोन बाजूंवर मुलीनं पोस्टर कलरनं हत्ती, झाड आणि पांढराशुभ्र चंद्र काढला होता. दिवसा बघावं तर दृष्ट काढावी इतकं गोड.

“दिवा लावला की माझा चंद्र काळा होतो,” ती म्हणाली. रात्री ते काळे हत्ती बघून ती रडत उठली होती, हे आईनं हळूच सांगितलं.

चूक तिची नव्हती. पोस्टर कलरचा थर उजेड अडवतो. उजेड समोरून पडला तर रंग दिसतो, मागून आला तर नुसती सावली. पांढरा तर जाड लावल्याशिवाय उठतच नाही, म्हणून तोच सगळ्यात काळा. कंदिलाला आम्ही रंग लावत नाही ते याचसाठी. पतंगी कागद नाहीतर जिलेटीन लावतो, उजेड त्यातून गाळून येतो. शेडवर चित्रच काढायचं असेल तर शाई चालते, पातळ जलरंग चालतो, आणि काढताना आतला दिवा चालू हवा.

आत बघितलं तर जुना 60 वॅटचा बल्ब, आणि त्याच्या वरचा कागद तपकिरी व्हायला लागलेला. तो आधी काढला. मुलांच्या खोलीत कागदाच्या शेडमध्ये तापणारा बल्ब मी कुणालाही लावू देत नाही, त्यासाठी गिऱ्हाइकाशी भांडतेसुद्धा. 5 वॅटचा दुधी एलईडी लावला.

आई म्हणाली, “हा कागद काढून दुसरा लावूया का?” मला ते पटेना. पोरीनं आठवडाभर बसून रंगवलेलं होतं. मी मागे थर्माकोलचा तुकडा धरला, सुई घेतली आणि चंद्राच्या कडेनं टोचत गेले. पोस्टर कलर वाळला की टोचताना बारीक करकर असा आवाज येतो, कडेचा पापुद्रा उडतो, त्यामुळे सुई सरळच घालावी लागते. दिवा लावल्यावर काळ्या चंद्राभोवती ठिपक्यांची कड उजळली. मग हत्तीची पाठ, कान, सोंड. कुठं टोचायचं ते ती बोटानं दाखवत होती.

दोन बाजू कोऱ्या होत्या. एकीवर तिला मृग नक्षत्र हवं होतं. आजोबा गच्चीवरून दाखवतात म्हणे. चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये बाणाचे तीन आणि त्यांच्याच रेषेत खाली व्याध. सुईऐवजी दाभण घेतलं, व्याधाला जरा मोठं भोक पाडलं, कोपऱ्यातल्या तांबूस ताऱ्याच्या, काक्षीच्या, भोकामागे लाल जिलेटीनचा तुकडा चिकटवला. शटर खाली ओढून दिवा लावला, तर भिंतीवर नुसता धुरकट पट्टा. दुधी बल्बचा उजेड पसरट असतो, ठिपका उमटत नाही. म्हणून बल्ब बंद करून मोबाईलचा टॉर्च आत धरला. भिंतीवर टपोऱ्या चांदण्या उमटल्या. मी खुशीत तिच्याकडे बघितलं.

ती भिंतीकडे बघतच राहिली. “काकू, व्याध डावीकडे असतो. हा उजवीकडे गेलाय.”

इतकी वर्षं कंदील करतेय, पण कंदिलाची चांदणी दोन्हीकडून सारखीच, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. शेडवर बाहेरून सुलटं काढलेलं भिंतीवर उलटं पडतं, कारण भिंतीवर आपण ते आतल्या बाजूनं बघत असतो. सात वर्षांच्या मुलीनं ते पकडलं होतं, कारण तिला आकाश पाठ होतं. मला भरून आलं.

बटर पेपरवर मृग उतरवून घेतला, कागद पालथा केला आणि भिंतीकडच्या चौथ्या बाजूला पुन्हा टोचायला बसले. आत त्या बाजूला तोंड करून हरभऱ्याएवढी 1 वॅटची एकच एलईडी बसवली, तिला वेगळं बटण दिलं. रात्री एवढीच लावायची.

सगळे तारे झाले, व्याध राहिला. मी दाभण टेकवलं तर तिनं माझा हात धरला. “हा आजोबा पाडणार.”

दाभण कागदात गुंडाळून आईच्या हाती दिलं. व्याधाच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली करून दिली, आणि मागे थर्माकोल धरायला विसरू नका म्हणून दोनदा सांगितलं.