लऊळच्या वाटेवर बार्शी लाइट

कुर्डूचा मुक्काम हलला. अरणची वाट धरण्याआधी आम्ही काही जण कूर्मदासांच्या दर्शनाला लऊळकडे वळलो. दिंडीप्रमुखांनी बजावलं होतं, "पंगतीला वेळेत या, माउली, नाहीतर पत्रावळ रिकामी." हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून पंढरीला सरपटत निघाले, लऊळला देह थकला आणि विठोबाच इथवर भेटायला आला, अशी कथा आहे. नाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना ती घरचीच.

सोबतचे एक आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांनी काठीनं बाभळीतला जुन्या छोट्या रेल्वेचा भराव दाखवला. पुढे घडीव दगडांची एक मोरी होती. दगडांमधला चुना अजून शाबूत, पण माथा एवढा अरुंद की बैलगाडीही जपूनच न्यावी लागेल. "ही आमची बार्शी लाइट," आजोबा म्हणाले.

बार्शीची पेठ मोठी, पण मुख्य रेल्वेमार्ग तिला टाळून गेलेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली गाडी आणली. डब्यांचा भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, एका आसावर पाच टनांहून जास्त नाही. म्हणून हलके, स्वस्त रूळ पुरले. 1897 साली बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आताची कुर्डुवाडी, ही गाडी सुरू झाली आणि 1906 मध्ये पंढरपूरला पोचली. याच गृहस्थानं पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट काढलं! जमिनीवर एवढ्या सावकाश धावणाऱ्या गाडीचा बाप आकाशातून उड्या मारायच्या मागे कसा लागला, देव जाणे.

आषाढीला डबे कमी पडले की वारकऱ्यांना मालडब्यांतही बसवायचे, असं आजोबांनी वडिलांकडून ऐकलेलं. चढावर लोक उतरून शेतातला हरभरा उपटून परत चढत, हेही त्यांनी सांगितलंच. बार्शी लाइटची ही गोष्ट सांगितल्याशिवाय इकडचा म्हातारा पाणी पीत नाही.

या शतकाच्या सुरुवातीला इथे ब्रॉडगेज, म्हणजे मुख्य मार्गासारखी रुंद रुळांची गाडी आली. छोटी गाडी गेल्याची हळहळ मलाही वाटते, पण कुर्डुवाडीत एका गाडीतली पोती उतरवून दुसरीत भरणाऱ्या हमालांना ती वाटली असेल का, शंका आहे.

मागून "भानुदास एकनाथ"चा गजर ऐकू आला, तशी आम्ही पावलं उचलली. मी आजोबांना विचारलं, "रेल्वेचा पास असून चालत का येता?"

"जाताना पांडुरंगाचं बोलावणं असतं," ते म्हणाले, "येताना पास आहेच की."