जेल, खरवस आणि आमच्या शाळेचा विज्ञान मेळावा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान मेळावा असतो, आणि मंडळाचा मी पहिल्यापासूनचा माणूस, त्यामुळं एकही मेळावा चुकवलेला नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-नारळ, रामन यांच्या १९२८ च्या शोधावर पाहुण्यांचं भाषण, हे दरवर्षीचंच. माझा जीव मुलांच्या टेबलांपाशी असतो.

त्यातही 'जेल'चं वर्ष मनातून जात नाही. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात विचारलं जेल म्हणजे काय, तर कुणी केसांचं म्हणालं, कुणी पेन म्हणालं आणि मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "हिंडलग्याचं!" म्हणजे बेळगावजवळचा तुरुंग. सगळे हसले, पण बाईंनी तेच उचललं. म्हणाल्या, बरोबर आहे, इथंपण पाणी कोंडलेलंच असतं, बारीक धाग्यांचं जाळं असतं आणि त्यात पाणी अडकतं, म्हणून पाणी असूनसुद्धा वाहत नाही. तिथून पोरांनी घरंच पालथी घातली. भिजवलेला सब्जा आणला, कवडीचं दही आणलं, बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आणली. डायपरमधली पांढरी पावडर कपात टाकून वर पाणी ओतलं आणि कप उलटा धरला तर थेंब सांडला नाही, मग वरनं चमचाभर मीठ टाकलं तर हळूहळू परत पाणी सुटलं. हे बघून एक शेतकरी काका म्हणाले, असलं रानात टाकलं तर ओल टिकेल काय? बाईंनी दिल्लीच्या संशोधन संस्थेनं काढलेल्या पुसा हायड्रोजेलची माहिती दिली, ते त्यासाठीच आहे, तर काकांनी नाव हातावर लिहून घेतलं. जिलेटिनची जेली मात्र दुपारच्या उन्हात पत्र्याखाली पातळ झाली आणि शेजारची चायना ग्रासची तशीच उभी, पोरांना वेगळं काही शिकवायला लागलं नाही.

पण मला दरवर्षी हलवतं ते पोरगं आपल्याच घरच्या माणसाला समजावून सांगतं ते. सातवीतली एक मुलगी खरवसाची वाटी घेऊन आज्जीपुढं उभी राहिली. "आज्जी, चीक पातळ असतोय, उकडला की त्यातलं प्रोटीन उलगडतंय आणि एकमेकात गुंततंय, मग पाणी आतच ऱ्हातंय." आज्जी म्हणाली, "मग तिसऱ्या दिवसाचा चीक नीट का धरत न्हाई गं?" पोरगी गप्प झाली, बाईंकडं बघितलंन पण बाई काही बोलल्या नाहीत, आणि मग स्वतःच म्हणाली, "तवर प्रोटीन कमी झालेलं असतंय आज्जी, जाळं विणायला धागा पुरत न्हाई." आज्जीनं तिचा गालगुच्चा घेतला आणि माझे डोळे भरून आले. लगेच शेजारच्या कन्नड शाळेच्या पोरांसाठी तिनं तेच सगळं कन्नडमध्ये सांगितलं, न अडखळता.

एक सल आहे ती सांगतोच. बक्षीस वाटपाला, फोटोला मंडपात जागा नव्हती आणि ही पोरगी बोलत होती तेव्हा पुढं माणसं मोजून अठरा. पुण्या-मुंबईला गेलेले आमचे माजी विद्यार्थी ग्रुपवर अंगठा दाखवतात, एकदा येऊन ऐका की रे.

आता ज्यांच्यामुळं झालं ते, कुणी राहायला नको. पहाटे चीक आणून देणारे दूधवाले मामा, रात्रभर फ्रीज मोकळा करून देणाऱ्या किराणा दुकानच्या वहिनी, डायपरचं पाकीट देणारी अंगणवाडीची ताई, मांडववाले, माईकवाला (पैसे घेतले नाहीत), टेबलं पुसणाऱ्या दोघी मावश्या, शिपाई मामा, वाट्या धुवायला थांबलेल्या आठवीच्या मुली. आणि हां, कन्नड शाळेचे मास्तर, बाकं कमी पडली तेव्हा त्यांनी स्वतः खांद्यावरून चार बाकं आणली, त्यांचं नाव त्या दिवशी आभारात घ्यायचं माझ्याकडनं राहिलं, म्हणून इथं लिहितोय.