आधी उसळ, मग भात: नोंदवही, फेरी दुसरी

प्रश्न एकच: तेच ताट, पण भात आधीऐवजी शेवटी खाल्ला तर रक्तातली साखर कमी चढते का? पहिल्या फेरीचे आकडे बाद. एका दिवशी भात ताजा होता, दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला. गार झालेल्या भातातला काही स्टार्च पचत नाही, त्यामुळे क्रम न बदलताही साखर कमी चढते. आदल्या रात्री कडधान्य खाल्लं असेल तरी सकाळची चढण बुटकी होते. म्हणून आता आदल्या रात्रीचं जेवणही ठरलेलं.

दुसरी चूक घड्याळाची. साखर मोजायच्या मीटरच्या पट्ट्या 120 मिनिटांपर्यंतच वापरल्या होत्या. भात उशिरा पोटात गेला की चढणही उशिरा येते. मोजणी लवकर थांबली तर फायदा उगाच मोठा दिसतो. आता पहिल्या घासापासून 180 मिनिटं, दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे दिवसाला 7 पट्ट्या. दोन क्रम, प्रत्येकाचे 3 दिवस धरून 42. खिशाला चाट आहेच.

ताट: ताजा भात 150 ग्रॅम (शिजल्यावर वजन करून), मुगाची उसळ 100, काकडी 100, उकडलेली अंडी 2. एका क्रमात भात आधी, दुसऱ्यात शेवटी, मध्ये 10 मिनिटं. जेवणानंतर शतपावली नाही. स्नायू साखर ओढतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

हात साबणाने धुवून कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाने मीटरवर भलताच आकडा येतो. मीटरला 100 च्या वर (मिग्रॅ/डेसिलिटर) ±15 टक्के चूक माफ असते: खरी साखर 140 असेल तर 119 ते 161 काहीही दिसू शकतं. एका दिवसाच्या 15-20 च्या फरकावर उड्या मारू नयेत.

तीन तासांतल्या एकूण चढणीचा हिशेब: प्रत्येक आकड्यातून उपाशीपोटीचा वजा करा (उणे आलं तर शून्य), शेवटचा निम्मा धरा, बेरीज गुणिले 30.

आता अर्थ लावताना. लहान आतड्याच्या वरच्या भागातल्या के पेशी जीआयपी हे संप्रेरक (हार्मोन) सोडतात, खालच्या भागातल्या एल पेशी जीएलपी-1 हे दुसरं. साखर चढलेली असेल तरच ही दोन्ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तोंडाने घेतलेलं ग्लुकोज शिरेतून दिलेल्यापेक्षा जास्त इन्सुलिन का उठवतं, त्याचं उत्तर हेच. जीएलपी-1 ग्लुकॅगॉनही (साखर वाढवणारं संप्रेरक) दाबतं आणि जठर रिकामं होणं लांबवतं. रक्तात ते जेमतेम 2 मिनिटांत निम्मं होतं. डीपीपी-4 हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. मीटरला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ‘साखर कमी, म्हणजे इन्सुलिन वाढलं’ असं नोंदवू नका. भात शेवटी खायला लावलेल्या चाचण्यांत जीएलपी-1 वाढलं, पण साखरेबरोबर इन्सुलिनही कमीच होतं. मोठा वाटा बहुधा सावकाश रिकाम्या होणाऱ्या जठराचा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात लांबवू नये. औषध आधी लागू होतं आणि साखर घसरते.

तिसऱ्या फेरीत फक्त अंडी वगळायची, बाकी ताट तेच.