पद्मिनी की अ‍ॅम्बॅसेडर: घाटात कोण सरस?

कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीची, उत्तरपाड्याची जुनी पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर १४८९ सीसीची. खरा फरक मात्र स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वरून खाली जेवढा सरकतो त्या अंतरात आहे. पद्मिनीत तो ७५ मिमी, अ‍ॅम्बॅसेडरमध्ये ८८.९. त्यामुळे पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन अ‍ॅम्बी कमी आरपीएमवरही चढ ओढते. पद्मिनीला वेळीच खालचा गिअर द्यावा लागतो.

पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यावर झाकणासारखं बसणारं हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचं. एकदा जास्त तापली की हेड वाकतं आणि हेड-ब्लॉकमधलं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा पातळ थर) जातं. नुसतं गॅस्केट बदलू नका, आधी हेडवर पट्टी धरून सपाटी तपासा. उन्हाळ्यात घाटात अचानक बंद पडली, तर बहुधा उष्णतेने पंपात-नळीत पेट्रोलची वाफ धरलेली असते. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबा. अ‍ॅम्बीचं हेडही बिडाचं, ते चूक जास्त सोसतं.

वळणांवर माझा कौल पद्मिनीला. ती हलकी आहे, पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, अंग कमी टाकते. अ‍ॅम्बीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया असतात. गाडी एका बाजूला बसली, तर बार उतरवण्यापूर्वी डाव्या-उजव्याची खूण करा. वापरलेल्या बारची अदलाबदल केली, तर पीळ उलटा पडून बार तुटू शकतो.